इटालियन अभिकल्पाचा नगरपर्यंतचा प्रवास : मिउरा, चाओ आणि लूना

एखाद्या यंत्राचा अभिकल्प एका देशातून दुसऱ्या देशात नेला, असे आपण सहज लिहून जातो. परंतु त्या वेळी नेमके काय नेले जाते, याचा विचार क्वचितच होतो. कधी केवळ रेखाचित्रे जातात, कधी साचे व हक्क विकत घेतले जातात, तर कधी तयार सुटे भाग पेट्यांत भरून येतात व येथे फक्त त्यांची जुळणी होते. या तिन्ही प्रकारांची उदाहरणे एकाच उद्योगसमूहाच्या इतिहासात सापडावीत, तिन्ही अभिकल्प इटलीतून आलेले असावेत आणि त्या समूहाची मुळे अहमदनगरमध्ये असावीत, हा योगायोग अभ्यासकाला आकर्षक वाटल्याशिवाय राहत नाही. (या जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर झाले आहे. प्रस्तुत लेखात बहुतेक घटना त्यापूर्वीच्या असल्याने रूढ ‘नगर’ हेच नाव वापरले आहे.) किनेटिक एंजिनिअरिंग ही ती संस्था व ‘लूना’ हे तिचे पहिले आणि सर्वांत परिचित वाहन होय.

इटालियन अभिकल्प म्हटले की आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे मोपेड येत नाही; येते ती क्रीडामोटार. म्हणून तेथूनच आरंभ करणे सोयीचे होईल. क्रीडामोटारीच्या अभिकल्पाविषयी जे समज रूढ आहेत, तेच समज लूनाविषयीच्या चर्चेतही वेगळ्या वेषात वावरत असतात.

लांबोर्गिनी मिउरा ही १९६६ सालच्या मार्च महिन्यात जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडली गेली. तिचा उघडा सांगाडा त्यापूर्वी काही महिने, १९६५ च्या अखेरीस, तुरीनच्या प्रदर्शनात दाखविण्यात आला होता. वर कवच नाही, आसने नाहीत, अशा त्या हाडांच्या सापळ्याभोवती प्रेक्षकांनी गर्दी केली. कारण तिचे वेगळेपण दिसण्यात नसून रचनेत होते. बारा सिलिंडरांचे, ३,९२९ घन सेंटिमीटर क्षमतेचे एंजिन चालकाच्या पाठीमागे व मागील आसाच्या पुढे आडवे बसविलेले होते. बारा सिलिंडरांचे एंजिन लांबलचक असते. ते उभे ठेवून त्यामागे गिअरपेटी जोडली असती तर गाडी अवाजवी लांब झाली असती. यास्तव एंजिन आडवे करून गिअरपेटी त्याच्याच ओतीव कवचात सामावून घेतली गेली. या कल्पनेमागे १९५९ च्या ‘मिनी’ या छोट्या ब्रिटिश गाडीचे उदाहरण होते, हे प्रसिद्धच आहे. म्हणजे त्या काळच्या सर्वांत दिमाखदार क्रीडामोटारीची मूळ युक्ती सर्वसामान्यांच्या स्वस्त गाडीतून आली होती! अभिकल्पाच्या इतिहासात कल्पनांचा प्रवाह श्रीमंतांकडून गरिबांकडेच वाहतो, असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाकडे अवश्य पाहावे.

हे काम करणारी माणसेही विशीच्या उत्तरार्धातील होती. जान पाओलो दाल्लारा व पाओलो स्तांझानी हे अभियंते, न्यूझीलंडहून आलेले परीक्षण-चालक बॉब वॉलेस आणि बेर्तोने या कवचकारांकडील तरुण आरेखक मार्चेल्लो गांदिनी यांनी मिळून ही गाडी उभी केली. एंजिनाची मूळ मांडणी जोत्तो बिझ्झारिनी यांची. कारखान्याचे धनी फेरुच्चो लांबोर्गिनी हे मूळचे ट्रॅक्टर बनविणारे होते. नगरसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यातील वाचकाला ही गोष्ट अधिक जवळची वाटेल.

मिउरा निर्दोष मात्र नव्हती. एंजिन व गिअरपेटी यांना एकच वंगण पुरविले जात असे. त्यामुळे दात्यांतून झिजलेले धातुकण एंजिनाच्या बेअरिंगांपर्यंत पोहोचण्याचा धोका राहिला, आणि हा दोष अखेरच्या काळातील गाड्यांमध्येच दोन्हींचे वंगण वेगळे करून दूर झाला. इंधनाची टाकी पुढील बाजूस होती. टाकी रिकामी होत गेली की नाक हलके होई व अतिवेगात गाडीची पुढील बाजू उचलल्यासारखी वाटे. सांगाडा पातळ पोलादी पत्र्याचा, वजन घटविण्यासाठी जागोजाग भोके पाडलेला. तो पुरेसा ताठ नाही असे दिसल्यावर पुढील गाड्यांत पत्रा जाड करावा लागला. उत्पादन १९७३ पर्यंत चालले आणि एकंदर साडेसातशेच्या आसपास गाड्या बाहेर पडल्या.

आता प्रश्न असा की मिउराचा अभिकल्प होता कुठे? दाल्लारांच्या फळ्यावरील रेखाचित्रांत तो सगळा नव्हता. सांगाडा मोदेना येथील मार्केसी यांच्या कार्यशाळेत पत्रा कापून, वाकवून, जोडून तयार होत असे; कवच तुरीनजवळ बेर्तोनेकडे घडे; आणि जुळणी सांतागाता बोलोन्येसे या लहानशा गावी होई. पत्रा किती वाकविला म्हणजे चिरेल, झाळ कोठे दिला म्हणजे सांगाडा पिळवटणार नाही, हे ज्ञान रेखाचित्रात लिहिलेले नसते. ते मोदेना, बोलोन्या व तुरीन या पट्ट्यातील शेकडो छोट्या कार्यशाळांतील कारागिरांच्या हातांत होते. या शेजाऱ्यांमुळेच तिशीही न गाठलेल्या अभियंत्यांना अवघ्या काही महिन्यांत फळ्यावरून प्रदर्शनापर्यंत मजल मारता आली. माझ्या मते इटालियन अभिकल्पाचे मर्म रेषेच्या सौंदर्यात शोधण्याऐवजी या शेजारात शोधावे. रेषा कोणालाही गिरविता येते. शेजार उचलून नेता येत नाही.

मिउरानंतर एकाच वर्षाने, १९६७ साली, पोंतेदेरा येथील पियाज्जो कारखान्याने ‘चाओ’ ही मोपेड बाजारात आणली. किंमत, वेग व प्रतिष्ठा यांच्या दृष्टीने ही दोन वाहने एकमेकांपासून जितकी दूर तितकी दुसरी कोणती जोडी सापडणे कठीण. परंतु अभियंत्याच्या दृष्टीने दोघांपुढील कोडे सारखेच होते : थोड्या जागेत सर्व अवयव कसे बसवावेत, आणि एकाच अवयवाकडून दोन कामे कशी करवून घ्यावीत. चाओचा सांगाडा दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्याचा होता आणि इंधनाची टाकी वेगळी न लावता त्या सांगाड्याच्याच पोटात सामावलेली होती. सुमारे ५० घन सेंटिमीटरांचे दोन-धावी एंजिन, ज्याला आपले मेकॅनिक टू-स्ट्रोक म्हणतात, ते खाली आडवे बसविलेले. त्यापासून एक पट्टा मागील चाकाकडे जाई. गिअर बदलण्याची सोय नव्हती. वेग वाढला की अपकेंद्री प्रेरणेने क्लच आपोआप पकड घेई. मागील चाकाला स्प्रिंग नव्हती, तिचे काम आसनाखालील स्प्रिंगांवर सोपविले होते. एंजिन सुटे करून गाडी सायकलीप्रमाणे पायडल मारीतही नेता येई. सारे वजन चाळीस किलोग्रॅमच्या आसपास.

या प्रत्येक निर्णयामागे एक विशिष्ट चालक व एक विशिष्ट रस्ता उभा आहे. इटलीत त्या काळी चौदा वर्षांच्या मुलामुलींना परवान्यावाचून ५० घन सेंटिमीटरपर्यंतचे वाहन चालविता येत असे. म्हणजे चाओचा चालक एकटा, वजनाने हलका, आणि त्याचा रस्ता गावातला, डांबरी वा फरसबंद. क्षमतेचा आकडाही अभियंत्याने निवडलेला नव्हता, तो कायद्याने नेमून दिलेला होता. चाओचे उत्पादन २००६ पर्यंत चालले व पस्तीस लाखांच्या घरात गाड्या विकल्या गेल्या. अशा संख्येसाठीच दाबसाच्यातील पत्र्याचा सांगाडा परवडतो. साचा करण्याचा खर्च प्रचंड, पण तो लाखो नगांवर विभागला जातो. मिउराचा पत्रा हातांनी वाकविला गेला याचे कारणही तेच : साडेसातशे गाड्यांसाठी कोणी मोठे दाबसाचे करीत नाही.

भारतात १९७२ हे वर्ष इटालियन अभिकल्पांच्या दृष्टीने विलक्षण ठरले. बजाज ऑटोचा पियाज्जोशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि व्हेस्पाच्याच घडणीवर उभी असलेली ‘चेतक’ स्कूटर १९७२ मध्ये आकुर्डीहून आली. त्याच वर्षी लखनौ येथे स्कूटर्स इंडिया ही सरकारी कंपनी स्थापन झाली व तिने लांब्रेटा बनविणाऱ्या इन्नोचेंती कंपनीची यंत्रसामग्री विकत घेतली. कुर्ल्याला फियाट ११०० ही गाडी आधीपासूनच तयार होत होती. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. आणि १९७२ मध्येच लूना आली.

किनेटिक एंजिनिअरिंगची स्थापना हस्तीमल फिरोदिया यांनी केली. फिरोदिया घराणे नगरचे. मुंबई विधानसभेचे अध्यक्ष राहिलेले कुंदनमल फिरोदिया हे याच घराण्यातील; नवलमल फिरोदिया यांचे नाव तर भारतातील रिक्षा व टेम्पो या वाहनांच्या आरंभाशी जोडले गेले आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त व नंतर अमेरिकेतील एम.आय.टी.त शिकलेले अरुण फिरोदिया यांनी लूनाच्या विकासाचे व पुढे कंपनीचे नेतृत्व केले; त्यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. नगर-दौंड रस्त्यावरील कारखान्याने नगर शहराच्या औद्योगिक जीवनात जे स्थान मिळविले ते सर्वपरिचित आहे.

पहिली लूना चाओच्या आराखड्यावर आधारलेली होती. पुढील प्रतिमाने मात्र कंपनीने स्वतः विकसित केली. ‘नक्कल’ हा शब्द येथे फार लवकर उच्चारला जातो, आणि तो उच्चारणाऱ्यांनी एक साधे गणित करून पाहिलेले नसते. ते येथे करू.

चाओच्या धर्तीच्या एंजिनाची शक्ती दीड अश्वशक्ती, म्हणजे सुमारे १,१०० वॉट, आणि महत्तम वेग ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ११ मीटर, असे धरू. शक्तीला वेगाने भागले असता चाकापाशी सुमारे १०० न्यूटन प्रेरणा मिळते. पट्टा व दाते यांतील घर्षण वजा जाता ९० न्यूटन. गिअर एकच असल्याने वेग कमी झाला तरी ही प्रेरणा वाढत नाही, ती जवळजवळ तितकीच राहते. आता शंभर मीटरला पाच मीटर असा चढ घ्या. पंचेचाळीस किलोग्रॅमची गाडी व साठ किलोग्रॅमचा एकटा चालक मिळून १०५ किलोग्रॅम. चढासाठी लागणारी प्रेरणा सुमारे ५१ न्यूटन, साधारण रस्त्यावरील लोटनरोध २१ न्यूटन, आणि ताशी २० किलोमीटर वेगाला हवेचा रोध सुमारे ११ न्यूटन. बेरीज ८३. उपलब्ध ९०. गाडी चढते, रडतखडत का होईना, चढते.

हीच गाडी नगर जिल्ह्यात आणा. मागे पत्नी वा भाऊ बसतो, पुढे दुधाची किटली वा भाजीची पिशवी असते. एकूण वजन १८० किलोग्रॅम होते. चढासाठी ८८, लोटनरोध ३५, हवेचा रोध ११. बेरीज १३४ न्यूटन. उपलब्ध अजूनही ९०. गाडी थांबते. पाथर्डीकडे जाणारा करंजीचा घाट किंवा संगमनेरजवळचा चंदनापुरीचा घाट ज्यांनी दुचाकीने ओलांडला आहे त्यांना या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. ताशी १५ किलोमीटर इतका वेग उतरविला तरी सुमारे ४० न्यूटनांची तूट उरतेच. ती पायडलने भरून काढायची तर चालकाने जवळपास १६० वॉट शक्ती पुरविली पाहिजे. धडधाकट माणूस इतकी शक्ती काही मिनिटे देऊ शकतो, अधिक काळ नाही. मोपेडची पायडले ही कायद्याची पळवाट आहेत किंवा एंजिन सुरू करण्याची सोय आहेत, असे बहुधा समजले जाते. परंतु लादलेल्या मोपेडच्या बाबतीत ती खरोखरच दुसरे एंजिन ठरतात.

हे गणित बदलण्याचे मार्ग मोजकेच आहेत. गिअरचे गुणोत्तर खाली आणले तर प्रेरणा वाढते, पण सपाटीवरचा वेग जातो. एकाहून अधिक गुणोत्तरे ठेवली तर यंत्र महाग व नाजूक होते, आणि गिअर नसणे हेच तर मोपेडचे आकर्षण. एंजिनाची क्षमता वाढविली तर कायद्याची मर्यादा ओलांडली जाते. आपल्याकडील १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही सोळा वर्षांच्या चालकाला ५० घन सेंटिमीटरपर्यंतचीच मुभा दिली आहे. दक्षिणेत टीव्हीएसने १९८० मध्ये दोन माणसांसाठी म्हणून योजलेली ‘टीव्हीएस ५०’ ही मोपेड आणली, आणि पुढे त्या मालिकेची क्षमता प्रथम ७० व नंतर १०० घन सेंटिमीटरपर्यंत नेली. म्हणजे त्यांनी कायद्याची सवलत सोडून भार पत्करला. किनेटिकच्या पुढील प्रतिमानांतही भाराचा हा दाब स्पष्ट दिसतो. मागील आसन आले, मागील चाकाला धक्काशोषक आले, सामानाची सोय आली. ‘डबल प्लस’सारखे नावच काय सांगते ते पाहावे. एकट्या इटालियन मुलासाठी योजलेल्या यंत्राचे कुटुंबाच्या वाहनात रूपांतर करणे म्हणजे आसन लांबविणे नव्हे. मागे दुसरा माणूस बसला की गुरुत्वमध्य मागे सरकतो, पुढील चाक हलके होते, मागील ब्रेकवर ताण येतो, सांगाड्याच्या वाकणाऱ्या जागा बदलतात आणि पट्टा घसरू लागतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डात भरून चाकच अडकते, ही अडचण पोंतेदेरा येथील अभियंत्याच्या स्वप्नातही आली नसेल. यांपैकी प्रत्येक बाब स्वतंत्रपणे सोडवावी लागते. मूळ आराखड्यात तिचे उत्तर नसते, कारण तेथे तो प्रश्नच नव्हता.

याहून कमी दिसणारे, परंतु माझ्या मते अधिक महत्त्वाचे काम कारखान्याच्या आत होते. पत्र्याचा सांगाडा करावयाचा म्हणजे दाबसाचे करणारा माणूस हवा. साच्यातून निघालेला पत्रा लवचिकतेमुळे किंचित उलट उघडतो. किती उघडेल हे पत्र्याच्या जातीवर, जाडीवर व घडणीवर अवलंबून असते, आणि आपल्याकडे मिळणारा पत्रा इटलीतल्या पत्र्याप्रमाणे वागेलच असे नाही. म्हणून साचा मुद्दाम अधिक वाकवून करावा लागतो. किती अधिक, हे चुकतमाकत शिकावे लागते. जोडणीच्या वेळी भाग जागच्या जागी धरणारी चौकट, जिला कारखान्यात जिग म्हणतात, ती झाळाच्या उष्णतेने सांगाडा कोठे ओढला जाईल याचा अंदाज घेऊनच बांधावी लागते. दोन-धावी एंजिनात दट्ट्या व सिलिंडर यांमधील फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. पेट्रोलात तेल मिसळून वंगण होत असल्याने तेलाचे प्रमाण कमी पडले की दट्ट्या अडकतो, अधिक झाले की स्पार्क प्लग काजळतो. प्रमाण राखणे सर्वस्वी गिऱ्हाइकाच्या हाती. तेव्हा या चुका पोटात घालील असे एंजिन करणे हाही अभिकल्पच झाला.

हे सर्व ज्ञान वर्षानुवर्षे एका गावात साचत जाते. मोठ्या कारखान्याला लागणारे छोटे भाग पुरविणारे कारखानदार जवळपास उभे राहतात, कारखान्यातून बाहेर पडलेला साचाकार स्वतःची शेड टाकतो, त्याच्या हाताखाली चार मुले शिकतात. मार्केसींच्या कार्यशाळेसारख्या शेजाराचा आरंभ अशाच रीतीने होतो. मोदेनाइतका दाट शेजार नगरला उभा राहिला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु जातीने तो तोच होता.

लूनाचे दिवस पुढे सरले. १९८५ नंतर शंभर घन सेंटिमीटरांच्या चार-धावी मोटरसायकलींनी इंधनखर्चाचे गणितच पालटून टाकले, गिअरविरहित स्कूटर आली, आणि धुराविषयीचे नियम, विशेषतः २००० सालापासून लागू झालेले, दोन-धावी एंजिनाला जड गेले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी लूनाचे उत्पादन थांबले.

यानंतर समूहाने इटलीकडे पुन्हा दोनदा मोहरा वळविला. दोन्ही प्रयत्नांचा विचार थोडक्यात करता येतो. पहिला इटालजेटचा. लेओपोल्दो तार्तारिनी यांनी बोलोन्याच्या परिसरात उभारलेल्या या कंपनीच्या सात स्कूटरांचे हक्क किनेटिकने विकत घेतले आणि २००६ मध्ये त्यांपैकी एकीवर आधारलेली, १६५ घन सेंटिमीटरांची ‘ब्लेझ’ बाजारात आणली. हे काम समूहातील किनेटिक मोटर या दुसऱ्या कंपनीचे होते, नगरच्या कारखान्याचे नव्हे. येथे अभिकल्प पूर्ण स्वरूपात विकत मिळाला होता; रूप देखणे होते, रचना आधुनिक होती. परंतु त्या दराने इतकी मोठी स्कूटर घेणारा ग्राहक भारतात त्या वेळी फारसा नव्हता. २००८ मध्ये किनेटिक मोटरचा दुचाकी व्यवसाय महिंद्रांकडे गेला. लूनाच्या वेळी वाहन ग्राहकाकडे वाकविले गेले होते. ब्लेझच्या वेळी ग्राहक वाहनाकडे येईल अशी अपेक्षा धरली गेली, असे मला वाटते.

दुसरा प्रयत्न आपल्याला पुन्हा क्रीडावाहनाकडे नेतो. एम. व्ही. अगुस्ता ही वारेसे येथील मोटरसायकल कंपनी म्हणजे दुचाकींच्या जगातील लांबोर्गिनीच म्हणावयाची. तिची ‘एफ४’ ही मोटरसायकल मास्सिमो तांबुरिनी यांनी आरेखिली. १९९७ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात ती दिसली तेव्हा आसनाखालून निघणाऱ्या चार धूरनळ्या व एकाच बाजूने धरलेले मागील चाक यांनी पाहणाऱ्यांना थक्क केले. २०१६ मध्ये किनेटिक समूहाने या कंपनीच्या मोटरसायकली भारतात आणल्या आणि त्यांच्या जुळणीची व्यवस्था नगरला केली. पुढे ‘मोटोरॉयल’ या नावाखाली आणखीही काही परदेशी मोटरसायकलींची भर पडली. ज्या आवारात चाळीस किलोच्या मोपेडचा वंश वाढला त्याच गावी शंभराहून अधिक अश्वशक्तीच्या इटालियन मोटरसायकली जोडल्या जाऊ लागल्या, हे दृश्य वृत्तपत्रांना भावले यात नवल नाही.

परंतु अभ्यासकाने येथे भारावून जाऊ नये. पेट्यांतून आलेले भाग ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या पिळाने आवळणे हे काटेकोर काम आहे. त्यात शिस्त शिकता येते, मोजमापाची सवय लागते. तथापि साचा पेटीत येत नाही, जिग येत नाही आणि ‘हे असे का’ या प्रश्नाचे उत्तरही येत नाही. भाग चुकला तर तो बदलून मागविला जातो, त्याचा अभिकल्प बदलला जात नाही. प्रतिष्ठेच्या मोजपट्टीवर एफ४ व लूना यांची तुलनाच होऊ शकत नाही. गावात मागे काय उरले ही मोजपट्टी लावली, तर क्रम उलटा होतो.

लूना बंद पडल्यावर काय उरले, याचे उत्तर किनेटिक एंजिनिअरिंगच्या नंतरच्या वाटचालीत आहे. स्वतःची दुचाकी बनविणे थांबल्यावर ही कंपनी इतर वाहन-उत्पादकांना गिअर, दातेरी चाके व अन्य भाग पुरविणारी झाली. दाते कापणे, उष्णतासंस्कार करणे, पत्रा दाबणे, जोडणे ही कौशल्ये वाहनाच्या नावाबरोबर नाहीशी झाली नाहीत. शिवाय नगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. मोटार वाहन नियमांनुसार नव्या वाहनांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या देशातील संस्थांत तिचा समावेश होतो, व तिच्या आवारात चाचणीचे मार्गही आहेत. म्हणजे घडविण्याचे व पारखण्याचे असे दोन्ही अंगांचे ज्ञान एकाच शहरात नांदते आहे. या दोहोंमध्ये माणसांची व माहितीची देवघेव कितपत झाली, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये किनेटिक ग्रीन या समूहातील कंपनीने विजेवर चालणारी ‘ई-लूना’ बाजारात आणली. तिला दोन-धावी एंजिन नाही, पट्टा नाही, पायडले नाहीत. विजेची मोटर मागील चाकातच बसविलेली असून ती स्तब्ध अवस्थेपासून जोर देऊ लागते. त्यामुळे क्लचचीही गरज उरलेली नाही. चाओच्या घडीव पत्र्याऐवजी येथे पोलादी नळ्यांचा सांगाडा आहे. वाहनाचे वजन ९६ किलोग्रॅम, म्हणजे चाओच्या दुपटीहून अधिक, आणि भारक्षमता १५० किलोग्रॅम अशी प्रारंभापासूनच घोषित केलेली आहे. दोन माणसे व त्यांचे थोडे सामान यांचे वजन बरोबर इतकेच भरते. १९७२ च्या आराखड्याला जो भार बाहेरून येऊन भिडला, तो २०२४ च्या आराखड्यात पहिल्या ओळीतच लिहिलेला आहे.

या ई-लूनाचा सांगाडा, मागील चाक धरणारी भुजा व उभे करण्याचे टेकू नगरच्या कारखान्यात तयार करण्याची व्यवस्था किनेटिक एंजिनिअरिंगने केली. त्यासाठीचे जिग कोणी बांधले, त्यांतील किती जण लूनाच्या काळात शिकलेले वा त्या माणसांच्या हाताखाली तयार झालेले आहेत, हे आज विचारले तर सांगणारे नगरमध्ये भेटतील. लूनाच्या प्रत्येक प्रतिमानात सांगाड्याचा पत्रा, पट्ट्याची रुंदी व गिअरचे गुणोत्तर कसे बदलत गेले, याची रेखाचित्रे आणि साचाकारांच्या तोंडी आठवणी एकत्र ठेवून पाहिल्या, तर वर मांडलेल्या गणितातील गृहीत आकडे बाजूला सारून प्रत्यक्ष आकडे बसविता येतील. विभागातील विद्यार्थ्यांनी या कामाला दोन-तीन वर्षांच्या आत हात घालावा. १९७२ साली विशीत असलेला कारागीर आज सत्तरी ओलांडून गेला आहे.